रानपाल : अंगाची ठेवण ओळखा, भीती सोडा
(नभोवाणीवरील शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज मी बी-बियाणं, खतं किंवा फवारणी यांबद्दल बोलणार नाही. आज एका मुक्या जिवाबद्दल बोलायचं आहे. हा जीव माळावर, दगडाच्या कपारीत राहतो. दिवसा दिसत नाही, रात्री बाहेर पडतो. अन् दिसला की आपण पहिली काठी शोधतो. त्याचं नाव रानपाल.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात पालीचं काय काम? तर त्याचं कारण आधी सांगतो.

आपल्या गेवराई तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. असाच एक गडी हंगाम संपवून साताऱ्याकडून परत आला होता. पारावर बसून फडावरच्या गोष्टी सांगत होता. म्हणाला, "एका रात्री कोपीच्या बाहेर बॅटरीच्या उजेडात एक जनावर दिसलं. चार पाय, जाडजूड शेपूट, अंगावर पिवळे-काळे पट्टे. जागचं हलंना. डोळे मिटायचं अन् उघडायचं. एक जाणता माणूस म्हणाला, लांब व्हा, हिनं नुसती फुंकर मारली तरी माणूस उठत नाही. मग काय, दोन दगडांत संपवली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोड्या वेळानं त्याच गड्यानं दुसरी हकीकत सांगितली. त्याच हंगामात शेजारच्या कोपीत एका बाईला पहाटे झोपेत हाताला काहीतरी चावलं. दुखलं फारसं नाही. दिवा लावला, तर कुडावरून एक पाल पळताना दिसली. "पालच चावली असंल," म्हणून हळद दाबली आणि बाई पुन्हा झोपली. दिवस उगवला तेव्हा तिच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. नशीब चांगलं, ट्रॅक्टर उभाच होता. दवाखान्यात नेलं, सापाच्या विषावरची लस मिळाली आणि बाई वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं मण्यारीची आहेत.

बंधूंनो, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघा. जी पाल कुणाला काही करत नव्हती, ती विषारी म्हणून मारली. आणि जिथं खरोखर साप चावला होता, तिथं बिचाऱ्या पालीच्या नावावर गेलेला वेळ जिवावर बेतला असता. दोन्ही चुकांचं मूळ एकच. पालीचं अंग कसं असतं, ते काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे आपल्याला नीट ठाऊक नाही. म्हणून आज तिच्या अंगाची ठेवण डोक्यापासून शेपटीपर्यंत सांगतो.

ही रानपाल कोणती?

आपल्या माळावर पालीसारखे दिसणारे जीव पुष्कळ. झाडावर मान हलवणारा तो सरडा. गुळगुळीत, चकचकीत अंगाची, दगडाखालून सरकन जाणारी ती सापसुरळी. मोठी, लांब दुभंगलेल्या जिभेची ती घोरपड. घराच्या भिंतीवर दिव्यापाशी बसणारी ती घरपाल. यांखेरीज वारुळात, दगडाखाली, पडक्या भिंतीत राहणाऱ्या लहान ठिपकेदार पालीही असतात. त्या घरपालीच्याच कुळातल्या.

मी ज्या रानपालीबद्दल बोलतो आहे ती या सगळ्यांहून वेगळी. इंग्रजीत हिच्या जातभाईंना लेपर्ड गेको म्हणतात, म्हणजे बिबट्या पाल. अंगावर ठिपके असतात म्हणून हे नाव. शास्त्रातलं तिचं नाव युब्लेफॅरिस फुस्कस. नाव अवघड वाटलं तरी अर्थ सोपा आहे. युब्लेफॅरिस म्हणजे चांगली, खरी पापणी असलेली. फुस्कस म्हणजे गडद, तपकिरी.

एडवर्ड ब्लाइथ या शास्त्रज्ञानं १८५४ साली पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून आलेल्या बिबट्या पालीचं वर्णन केलं. आपल्याकडची पाल बरीच वर्षं तिचीच एक उपजात समजली जाई. पुढं १९९७ साली इंद्रनील दास यांनी ही स्वतंत्र जात असल्याचं दाखवून दिलं. गुजरातपासून महाराष्ट्राचा कोरडा भाग धरून उत्तर कर्नाटकापर्यंत तिचं घर आहे. पुणे-सातारा भागातल्या खडकाळ टेकड्यांवर ती चांगली माहीत आहे. २०१४ साली सातपुड्यातून हिची आणखी एक बहीण शास्त्राला नव्यानं कळली, तिला सातपुड्याचंच नाव दिलं आहे. म्हणजे बघा, आपल्या पायाखालच्या दगडाखाली कोण राहतं, हे अजूनही नव्यानं कळत आहे.

आता अंगाची ओळख करून घेऊ.

डोळे : पापणी आहे म्हणून ती डोळे मिटते

घरपालीकडे नीट पाहा. ती कधी डोळे मिटत नाही. तिला हलणारी पापणीच नाही. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यावर धूळ बसली की ती जीभ बाहेर काढून डोळा पुसते. सापाचंही तसंच. सापालाही पापणी नाही, म्हणून तो टक लावून बघतो असं आपल्याला वाटतं.

रानपालीला मात्र आपल्यासारखी वरची आणि खालची पापणी असते. ती डोळा मिटते, उघडते, झोपताना बंद करते. ऊसतोडीच्या गड्यानं सांगितलं ना, "डोळे मिटायचं अन् उघडायचं," ते अगदी बरोबर पाहिलं त्यानं. लोकांना वाटतं, ही डोळे वटारते, नजर लावते. तसं काही नाही. बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला म्हणून ती डोळे मिटते. तिची बाहुली मांजरासारखी उभी असते. उजेडात तिची बारीक चीर होते आणि अंधारात ती मोठी उघडते. रात्री शिकार करणाऱ्याला असाच डोळा लागतो.

पाय : गादी नाही, नखं आहेत

घरपाल छतावर उलटी चालते ती बोटांखालच्या गादीमुळं. त्या गादीवर आडव्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस. एकेका केसाच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे. पूर्वी लोकांना वाटे, पाय चिकट असतील किंवा हवा ओढून धरत असतील. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं की तिथं डिंक नाही आणि हवेची ओढही नाही. केसांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन पदार्थांच्या कणांमध्ये असणारी साधी ओढच त्या पालीला धरून ठेवते.

रानपालीच्या बोटांखाली अशी गादी नसते. बोटं बारीक, गोलसर, टोकाला नख. म्हणून ती गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. ती जमिनीवर पोट उचलून सावकाश चालते, दगडावर, मातीच्या उतारावर नखांनी चढते. आता मला सांगा, जी भिंतीवर चढतच नाही, ती आढ्यावरून कुणाच्या अंगावर कशी पडेल? किंवा शिंकाळ्यातल्या दुधात कशी जाईल? तिच्यावरचे निम्मे आरोप इथंच गळून पडतात.

कातडी आणि रंग

अंगावर हात फिरवला तर बारीक दाणे लागावेत अशी तिची कातडी असते. मऊ, पण खडबडीत. लहान खवल्यांच्या मध्ये मोठे उंचवटे असतात. सापसुरळीची चकाकी इथं नाही.

पिल्लू आणि मोठी पाल यांचा रंग इतका निराळा की दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. पिल्लाच्या अंगावर गडद तपकिरी आणि पिवळसर असे रुंद आडवे पट्टे असतात. शेपटीवर काळी-पांढरी वळी. वय वाढेल तसे हे पट्टे फिके होतात आणि त्यांच्यावर ठिपके उमटू लागतात. पूर्ण वाढलेली पाल माळाच्या दगड-मातीत मिसळून जाते. ती नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वीतभर, कधी त्याहून थोडी लांब भरते. घरपालीपेक्षा अंगानं भरीव, डोकं रुंद, मान वेगळी दिसणारी. म्हणून ती एकदम दिसली की माणूस दचकतो.

पट्टे आणि भडक रंग पाहून लोक विषाचा अंदाज बांधतात. पण रंग म्हणजे विष नव्हे. मण्यारीचा रंग काय भडक असतो? काळसर अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेषा, बस्स. तरी तिचं विष माणूस मारतं. आणि ही पट्ट्यापट्ट्यांची रानपाल निरुपद्रवी. म्हणून जनावर रंगावरून तोलू नका.

वेळोवेळी ती कात टाकते. सापासारखी सबंध कात एका तुकड्यात मागं सोडत नाही. तोंडानं ओढून काढते आणि बहुधा खाऊन टाकते. माळावर सापाची कात सापडते पण पालीची सहसा का सापडत नाही, त्याचं कारण हे.

शेपूट : तिचं धान्याचं बळद

रानपालीची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे शेपूट. बुडाशी आवळलेली, मध्ये मुळ्यासारखी फुगलेली आणि टोकाला निमुळती. अंगावर वळ्या-वळ्यांची. ही जाडी विषाची नाही. ती चरबी आहे.

आपण पीक निघालं की बळदात, कणगीत धान्य भरतो आणि पुढं वर्षभर खातो. रानपाल तेच करते. पावसाळ्यात किडे मुबलक असतात तेव्हा खाऊन-पिऊन शेपटीत चरबी साठवते. थंडीत किडे कमी होतात. पालीचं अंग स्वतःची ऊब तयार करू शकत नाही, भोवतालच्या उष्णतेवर चालतं, म्हणून थंडीत ती सुस्त होऊन बिळात पडून राहते. त्या दिवसांत शेपटीतली शिदोरी कामाला येते. दुष्काळ आपल्याला नवा नाही. त्यामुळं या शेपटीचं मोल आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

शेपटीचं दुसरं काम जीव वाचवण्याचं. शत्रूनं धरलं की ती शेपूट तोडून देते. मणक्यांमध्ये त्यासाठी कमजोर जागा आधीच असते. स्नायू आवळून रक्त थांबवतात. तुटलेली शेपूट वळवळत राहते, शत्रू तिकडं बघतो आणि पाल निसटते. काही आठवड्यांत नवी शेपूट फुटते. पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो. ती आखूड, गुळगुळीत आणि कंदासारखी फुगीर दिसते. म्हणून एखाद्या पालीची शेपूट बोंडासारखी दिसली तर ती वेगळी जात समजू नका. तिचा एकदा जीव वाचला आहे, इतकंच. पण हे फुकट होत नाही. शेपटीबरोबर साठवण गेली, आणि नवी शेपूट वाढवायची तर अंगातलं आणखी खर्च करावं लागतं. पोरं गंमत म्हणून पालीची शेपूट तोडतात. ती गंमत म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर कुणाची कणगी फोडण्यासारखी आहे.

तोंड, दात आणि आवाज

आता मुख्य प्रश्न. विष आहे का?

नाही. रानपालीच्या तोंडात विषाची पिशवी नाही, विष टोचणारा दात नाही. जबड्याच्या कडेनं सारख्या उंचीचे बारीक दात असतात. त्यांचं काम किडा धरून चिरडायचं. सापाचे विषाचे दात पोकळ किंवा खाचेचे असतात, तसं इथं काही नाही. चावून माणसाला विषबाधा करणारे नावाजलेले सरडे म्हणजे अमेरिका-मेक्सिकोकडचा गिला मॉन्स्टर आणि त्याचे भाऊबंद. ते आपल्या देशात नाहीत. आपली घरपाल, रानपाल, सरडा, सापसुरळी, यांच्यापैकी कुणाच्याही चावण्यानं माणूस दगावत नाही.

हातात घट्ट धरलं तर रानपाल चावेल. चावणार नाही तर काय करील? मोठ्या पालीच्या चाव्यानं कातडी सोलवटेल, थेंबभर रक्त येईल. साबण-पाण्यानं धुवावं, जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. बाकी काही नाही.

फुंकर मारून माणूस मारायची गोष्टही तशीच. या पाली घाबरल्या की, विशेषतः पिल्लं, पाय ताठ करून अंग उंच करतात, शेपूट वर धरून हलवतात आणि तोंड उघडून चिरकतात. एवढ्याशा जिवाचा हा आव असतो, मी मोठा आहे हे दाखवण्याचा. रानातलं मांजर पाठ फुगवून फिस्कारतं, तसंच हे. त्या श्वासात विष नाही.

नर, मादी आणि अंडी

नराची ओळख त्याच्या पोटाकडून होते. मागच्या पायांच्या मध्ये, शेपटीच्या जरा पुढं, बारीक छिद्रांची एक वाकडी ओळ असते. त्यांतून मेणासारखा पदार्थ येतो. नराच्या शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटेही दिसतात. मादीत ही छिद्रं ठळक नसतात.

मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. तसबिरीमागं, भिंतीच्या फटीत सापडणारी घरपालीची अंडी तुम्ही पाहिली असतील. पांढरी, गोल, कडक कवचाची. रानपालीच्या अंड्याचं कवच मात्र मऊ, चामड्यासारखं असतं आणि त्याला मातीतली ओल लागते. म्हणून ती दगडाखाली ओलसर मातीत अंडी ठेवते.

इथं एक नवल सांगतो. रानपालीची जी पंजाबकडची बहीण, तिच्यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला. अंडी २६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली तर जवळजवळ सगळ्या माद्या निघतात. ३२ अंशांच्या आसपास बहुतेक नर. आणि ३४-३५ अंशांवर पुन्हा बहुतेक माद्या. म्हणजे पोटातून नव्हे, मातीच्या उबेवरून नर की मादी ते ठरतं. दगडाखालची गारवा-ओल किती महत्त्वाची आहे ते यावरून कळेल. आपण उन्हाळ्यात बांधावरचा दगड उलटा करून तसाच टाकतो, तेव्हा एखाद्याच्या घराचं छप्परच काढलेलं असतं.

आपल्याला तिचा उपयोग काय?

रानपाल रात्री बाहेर पडून भुंगेरे, नाकतोडे, झुरळं, कोळी, पतंग खाते. हिच्या जातीतल्या पाली विंचूही खातात. घरपाल दिव्याखाली बसून रात्रभर पतंग टिपते, हे तर रोज आपल्या डोळ्यांसमोर घडतं.

पण मी वाढवून सांगणार नाही. पाल म्हणजे फवारणीचा पंप नव्हे. तिच्यामुळं कपाशीवरची बोंडअळी जाईल असं समजू नका. ती मित्रकिडा कोणता आणि शत्रुकिडा कोणता हे निवडत बसत नाही. पण शेत म्हणजे एकट्या पिकाचं नसतं. बांध, माळ, वारूळ, झाड, पाखरं, बेडूक, पाली, कोळी हे सगळे मिळून किड्यांच्या संख्येला थोडाथोडा आवर घालत असतात. त्यातली एकेक कडी निघत गेली की सगळा भार औषधाच्या डब्यावर येतो, आणि त्या डब्याचा खर्च तुम्हाला ठाऊक आहे.

आज यंत्रानं माळ सपाट होतात, दगडी ताली उकलून दगड विकला जातो. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी मिळालं तिथं माळ वहितीखाली आला. हे व्हायचंच, पोटासाठी जमीन लागते. पण बांधाच्या एका कोपऱ्यात, जिथं नांगर जात नाही तिथं, दगडांची एखादी रास राहू द्या. वस्तीपासून मात्र लांब. कारण जिथं पाल राहते तिथं सापही राहू शकतो. घराला लागून दगड-विटांचा ढीग, गोवऱ्यांची रास, पाचट ठेवू नका. बांधावर रास असू द्या, दाराशी नको.

पाल अन्नात पडली तर?

पाल दुधात, भाजीत पडली आणि घरचे सगळे आजारी पडले, असं आपण ऐकतो. पालीच्या अंगात विष नाही, हे आता सांगितलंच. पण याचा अर्थ ते अन्न खावं असा नाही. पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत सालमोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. त्यांच्यामुळं उलट्या, जुलाब, ताप येऊ शकतो. म्हणून असं अन्न टाकून द्यावं. अन्न-पाणी झाकून ठेवावं. पाल, सरडा हाताळला तर हात साबणानं धुवावेत, विशेषतः लहान मुलांचे. कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर दवाखाना गाठावा.

अंधारात चावलं तर पालीवर ढकलू नका

आता सुरुवातीच्या त्या बाईच्या हकिकतीकडं येतो, कारण आजच्या भाषणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. तिचा चावा दुखत नाही, सूज येत नाही, खूणसुद्धा कधी दिसत नाही. म्हणून माणूस म्हणतो, मुंगी असंल, उंदीर असंल, पाल असंल. काही तासांनी पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. तोवर हातचा वेळ गेलेला असतो.

म्हणून पक्कं ध्यानात ठेवा. अंधारात किंवा झोपेत काही चावलं आणि चावणारं जनावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर तो साप समजूनच चाला. जवळपास पाल दिसली म्हणून ती चावली असं होत नाही. ती बिचारी तिच्या किड्यांच्या मागं असते.

चावलेल्या माणसाला धीर द्या. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी किंवा काठीचा आधार द्या. चिरा पाडू नका, रक्त चोखू नका, दोरी करकचून आवळू नका. मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्या देशात तयार होते. साप ओळखता आला नाही तरी डॉक्टर लक्षणं बघून ती देऊ शकतात. सापाला शोधून मारून आणण्यात वेळ दवडू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या बंधू-भगिनींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. कोपीत जमिनीवर झोपू नका. जमेल तर बाज न्या. निदान मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी असू द्या. उचल घेताना जसा हिशेब करता, तसाच या दोन वस्तूंचा हिशेब करा.

शेवटची एक गोष्ट

अलीकडं एक नवाच बाजार ऐकू येतो. अमुक पालीला लाखो रुपये मिळतात, तिच्यापासून असाध्य रोगावर औषध होतं, अशा अफवा मोबाइलवर फिरतात. ईशान्य भारतातल्या टोके नावाच्या मोठ्या पालीपायी कितीतरी लोक या नादाला लागले. पालीपासून असं कोणतंही सिद्ध झालेलं औषध नाही. बिबट्या पालीही हौसेखातर पाळायला पकडल्या जातात. देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला जीव पकडून विकायच्या भानगडीत पडाल, तर पैसा राहील बाजूला आणि कोर्टाच्या तारखा मागं लागतील.

बंधूंनो, आपल्याकडं मनात शंका आली की पाल चुकचुकली म्हणतात. आज रानपालीविषयी तुमच्या मनात चुकचुकणारी शंका थोडी जरी कमी झाली, तरी हे बोलणं कारणी लागलं. पुढच्या वेळी दगड उचलताना ती दिसली, तर दगड हळूच जागेवर ठेवा. आणि रात्री काही चावलं, तर तिचं नाव घेऊन झोपू नका, दवाखान्याची वाट धरा.

ध्यानात ठेवा :

१) रानपालीला हलणारी पापणी, नखांची बारीक बोटं, दाणेदार कातडी आणि फुगीर शेपूट असते. ती भिंतीवर चढत नाही.

२) रानपाल, घरपाल, सरडा, सापसुरळी यांच्या चावण्यानं किंवा फुंकरीनं माणूस मरत नाही. चावा साबण-पाण्यानं धुवा.

३) रंग आणि पट्टे ही विषाची खूण नव्हे.

४) पाल पडलेलं अन्न टाकून द्या. विषामुळं नव्हे, रोगजंतूंमुळं.

५) झोपेत किंवा अंधारात चावलेलं जनावर दिसलं नसेल, तर साप समजून ताबडतोब दवाखान्यात जा.

६) बाज आणि मच्छरदाणी वापरा. घराला लागून दगड, पाचट, गोवऱ्यांचे ढीग ठेवू नका.

७) बांधाच्या कोपऱ्यात, वस्तीपासून लांब, दगडांची एखादी रास राहू द्या. उचललेला दगड पुन्हा जागेवर ठेवा.

८) पाली पकडून विकण्याच्या अफवांना बळी पडू नका.